पुढे काय होणार ते कुणीच सांगत नाही : गंभीर दीर्घ आजार आणि पॅलिएटिव्ह केअरबद्दल गोव्यातल्या घरांतून येणारे प्रश्न

मी घरी जाऊन पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणारी रुग्णसेवा, देणारी परिचारिका आहे. फोंडा, डिचोली, सत्तरी ह्या भागांत माझं जाणं-येणं असतं. कॅन्सरचे रुग्ण, हृदय कमकुवत झालेले, डायलिसिसवरचे, दम्याचे आणि फुप्फुसाचे जुने आजार असलेले, स्मृती गेलेले. गोळ्यांबद्दलचे प्रश्न लोक मी आत पाऊल टाकताच विचारतात. मनातले प्रश्न मात्र मी निघाले की फाटकापर्यंत सोडायला येऊन, आत ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारले जातात. तेच इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या माणसाचं औषध, डोस आणि त्यातला बदल त्याच्या डॉक्टरांनाच विचारा.

डॉक्टर किती दिवस ते नक्की का सांगत नाहीत? आमच्यापासून लपवतात का?

बहुतेक वेळा लपवत नाहीत, त्यांनाही माहीत नसतं. 2000 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये शिकागोतला एक अभ्यास छापून आला. हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळणाऱ्या सेवेत, दाखल होणाऱ्या 468 रुग्णांबद्दल त्यांच्या 343 डॉक्टरांना किती काळ उरला असेल ते विचारलं होतं. सुमारे वीस टक्केच अंदाज बरोबरच्या जवळ गेले. बहुतेकांनी जास्त काळ सांगितला, आणि एकंदर हिशेब पाहिला तर प्रत्यक्षाच्या पाचपट. रुग्णाशी ओळख जितकी जुनी, तितका अंदाज अधिक चुकलेला. आपल्या माणसाबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही, हे डॉक्टरांनाही लागू आहे.

दुसरं, 'अशा आजारात साधारण आठ महिने' असं कुणी म्हणालं, तर त्याचा अर्थ बहुधा असा असतो की शंभरातले पन्नास रुग्ण आठ महिन्यांच्या आत गेले आणि पन्नास त्याहून जास्त जगले, काही तर कितीतरी जास्त. तुमची आई त्या शंभरात कुठे बसते, हे तो आकडा सांगत नाही.

म्हणून प्रश्न बदलून विचारा. "दिवसांची गोष्ट आहे, आठवड्यांची, महिन्यांची की वर्षांची?" याचं उत्तर डॉक्टर बऱ्यापैकी देऊ शकतात. "सगळं बरं गेलं तर काय, बिघडलं तर काय, आणि तुम्हाला जास्त शक्यता कशाची वाटते?" हे तिन्ही एकाच वेळी विचारा. "येत्या चवथीला (गणेशचतुर्थीला) बाबा माटोळीखाली (गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या मांडवाखाली) बसू शकतील का?" असं विचारलंत तर आणखी चांगलं, कारण डॉक्टरांनाही नेमकं काय हवंय ते कळतं. घरच्या घरी पाहायचं तर बदलाचा वेग पाहा. महिन्यामहिन्याला फरक पडत असेल तर बहुधा महिन्यांची गोष्ट असते, आठवड्याआठवड्याला पडत असेल तर आठवड्यांची, आणि रोज सकाळी काल होता तसा माणूस आज दिसत नसेल तर दिवसांची. हा ठोकताळा आहे, तो चुकूही शकतो, पण आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आणि "किती दिवस?" ह्या प्रश्नाच्या पोटात जवळजवळ नेहमी दुसरा प्रश्न असतो. धाकटीचं लग्न अलीकडे घ्यायचं का? रजा आता काढू की नंतरसाठी ठेवू? घराचे कागद कधी करायचे? तो पोटातला प्रश्न सरळ विचारा. तारीख न कळताही त्याचं उत्तर देता येतं.

शेजारच्या काकांना कॅन्सर होता, त्यांचं एका महिन्यात झालं. आमच्या बाबांना हृदयाचा त्रास आहे, ते चार वेळा बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, म्हणजे गोमेकॉत) जाऊन परत आले. असं कसं?

आजारांच्या वाटा वेगळ्या असतात. ह्या एका गोष्टीची कल्पना आधी दिली असती तर कितीतरी घरांची घालमेल वाचली असती, असं मला फार वाटतं.

कॅन्सरमध्ये पुष्कळदा माणूस बराच काळ हिंडता-फिरता राहतो आणि मग शेवटच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भराभर खाली येतो. घरच्यांना वाटतं, अचानक झालं.

हृदय, फुप्फुस किंवा यकृत निकामी होत जातं तेव्हा वाट चढउतारांची असते. रात्री दोनला श्वास लागतो, 108 रुग्णवाहिका येते, गोमेकॉत भरती होते, सूज उतरते, आठवड्याने माणूस घरी येऊन ओट्यावर बसून पेपर वाचतो. पण प्रत्येक वेळी तो आधीच्यापेक्षा थोडा खालच्या पायरीवर परततो. कुठली खेप शेवटची ठरेल हे कुणालाच सांगता येत नाही, आणि 'मागच्या वेळीही बरे झाले होते' ह्या भरवशावर महत्त्वाचं बोलणं राहून जातं. त्या बोलण्याची वेळ बाबा घरी येऊन बसते झाले की असते. आयसीयूच्या दाराबाहेर ते होत नाही.

स्मृतिभ्रंशात किंवा म्हातारपणाच्या क्षीणपणात माणूस वर्षानुवर्षं हळूहळू खालावत जातो. तिथे घरच्यांचा दम आधी संपतो. घास गिळताना ठसका लागू लागला, वारंवार न्यूमोनिया होऊ लागला, की आजार पुढच्या टप्प्यावर गेला असं समजावं.

डायलिसिसचं आणखी निराळं. उपचार चालू आहेत तोवर माणूस वर्षंही काढतो. थांबवला तर बहुधा एक-दोन आठवडे मिळतात, मूत्रपिंड थोडं काम करत असेल तर काही जास्त. थांबवावा का, हा प्रश्न रुग्णानेच काढला तर त्याला गप्प करू नका. त्याच्याबरोबर डॉक्टरांसमोर बसा.

पॅलिएटिव्ह म्हणजे 'आता काही करण्यासारखं नाही' असंच ना?

नाही. वेदना, धाप, मळमळ, खाज, झोप न लागणं, भीती, घरच्यांची ओढाताण ह्या सगळ्यांवर मनापासून केलेले उपचार म्हणजे पॅलिएटिव्ह केअर. किमो चालू असताना, डायलिसिस चालू असताना, पहिल्या निदानापासूनही ती घेता येते. अमेरिकेत फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या 151 रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळालेले रुग्ण अधिक समाधानात राहिले, त्यांच्यात उदासी कमी आढळली, शेवटी शेवटी त्यांना जोरकस उपचारांचा मारा कमी झाला, आणि तरीही ते जास्त जगले. त्यांच्यातल्या निम्म्यांनी 11.6 महिन्यांचा टप्पा ओलांडला, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांमध्ये तो टप्पा 8.9 महिन्यांचा होता.

आपल्याकडे लोक फार उशिरा येतात. परळच्या टाटाहून 'घरी घेऊन जा' म्हटलं, रात्रीची कोकण रेल्वे पकडून मडगावला उतरले, आणि मग तिसऱ्या दिवशी रात्री वेदना असह्य झाल्यावर फोन. तेव्हाही आम्ही येतोच. पण तोवर जे सोसलं ते सोसायची गरज नव्हती.

मॉर्फीनची सवय लागेल का? मॉर्फीन दिलं म्हणजे शेवट आला का?

दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच आहे. तीव्र वेदनेवर, डॉक्टरांनी ठरवलेल्या मापात दिलेल्या मॉर्फीनने व्यसन लागण्याची शक्यता फार कमी असते. वेदना वाढली तर डोस वाढवता येतो, त्यामुळे 'आत्ताच दिलं तर पुढे काय उरणार' ही भीती बाळगू नका. मॉर्फीन घेत असलेला माणूस महिनोन्‌महिने जगतो, काही जण कामावरही जातात.

काय होतं ते आधीच जाणून घ्या. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, बऱ्याच जणांना सुरुवातीला मळमळते, हे दोन्ही ओसरतं. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून चालू हवं. साधी गोळी दर चार तासांनी असते, आणि ती घड्याळाप्रमाणेच द्यायची. 'दुखलं तर देऊ' म्हणत थांबलात की वेदना पुढे पळते आणि गोळी मागे राहते. मधूनच वेदना उसळली तर द्यायचा जादा डोस कागदावर लिहून घ्या. डॉक्टरांना न विचारता गोळी एकदम बंद करू नका. माणूस उठवूनही उठत नसेल, श्वास फार संथ झाला असेल तर लगेच फोन करा.

अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यामुळे हे औषध मिळणं वर्षानुवर्षं कठीण होतं. 2014 च्या दुरुस्तीने ते अत्यावश्यक औषधांच्या गटात आलं आणि परवान्यांची गुंतागुंत कमी झाली. तरीही कोपऱ्यावरच्या फार्मसीत ते मिळेलच असं नाही. कुठून मिळणार आणि गोळ्या संपायच्या किती दिवस आधी जायचं, हे पहिल्याच भेटीत विचारा.

फोन वाजला तरी छातीत धस्स होतं. असं किती दिवस राहायचं?

ही धाकधूक पूर्ण जात नाही. पण ती दोन गोष्टींची बनलेली असते : काय होईल ते माहीत नाही, आणि झालं तर काय करायचं तेही माहीत नाही. पहिलीवर आपला इलाज नाही. दुसरीवर आहे.

बोरीच्या एका घरात मी पाहिलेली वही सांगते. शाळेची साधी दोनशे पानी, स्वयंपाकघराच्या दाराला सुतळीने टांगलेली, पेनसुद्धा त्याच सुतळीला बांधलेलं. डावीकडच्या पानावर रोजच्या गोळ्या आणि वेळा. उजवीकडे सुनेच्या अक्षरात : 'श्वास लागला तर : खाटेचं डोकं वर, खिडकी उघडी, छोटा पंखा तोंडाजवळ, ही गोळी. पंधरा मिनिटांत फरक नाही तर ह्या नंबरवर फोन.' 'उलटीत रक्त दिसलं तर : गडद रंगाचा टॉवेल, कुशीवर वळवा, फोन.' 'रात्री बडबडू लागले तर : दिवा लावा, नाव घेऊन बोला, लघवी तुंबली नाही ना पाहा.' खाली तीन फोन नंबर. घरात रात्री कुणीही जागं असो, दहावीतला नातू असो, त्याला काय करायचं ते कळत होतं. सून म्हणाली, वही टांगल्यापासून मी दोन-दोन तास सलग झोपते.

अशी वही करताना आपल्या पावसाळ्याचा विचार नक्की करा. जून ते सप्टेंबर झाड पडून वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) विजेवर चालतो. घरचा इन्व्हर्टर तो किती वेळ ओढतो हे कोरड्या दिवशी, माणूस बरा असताना तपासा. भरलेला सिलिंडर आणि तो उघडायची चावी एकाच जागी ठेवा. घराकडे येणाऱ्या रस्त्यावर पाणी भरत असेल, तर गाडी कुठपर्यंत येते आणि तिथून उचलून न्यायला शेजारचे कोण येतील, ते आताच ठरवा. गोळ्या निदान आठवडाभर पुरतील इतक्या घरात हव्यात.

आई विचारते, "मी बरी होईन ना रे?" काय सांगू? घरच्यांनी डॉक्टरांना 'तिला सांगू नका' म्हटलंय.

लगेच 'हो' म्हणू नका, लगेच 'नाही'ही म्हणू नका. जवळ बसा आणि विचारा, "तुला काय वाटतं?" बहुतेक रुग्णांना घरच्यांच्या अंदाजापेक्षा जास्त कळलेलं असतं. आपल्या अंगाची बातमी आपल्याला आधी लागते.

सत्तरीतल्या एका घरी आबांना फुप्फुसाचा कॅन्सर होता. घरच्यांनी त्यांना 'छातीत कफ साठलाय' एवढंच सांगितलं होतं. श्रावणातली दुपार, मी त्यांच्या पाठीची जखम धूत होते. भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, "सुपारी पाडायच्या वेळी मी असेन काय गो?" दारात उभ्या सुनेने मला नको म्हणून हात केला. मी विचारलं, "आबा, तुम्हाला काय वाटतं?" ते म्हणाले, "नसेन. म्हणून तर विचारतो. पाडेल्याला आताच सांगून ठेवायला हवं, मग तो दुसरीकडे लागतो." (पाडेली म्हणजे झाडावर चढून सुपारी-नारळ पाडणारा.) त्यानंतर त्यांनी मुलाला रोज संध्याकाळी खाटेशी बसवून कुळागराचा, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागायतीचा, हिशेब समजावला : पाट कुठे फोडायचा, शिंपण्याची पाळी कुणाची, कुठल्या माडांना सोंड्या किड्याने धरलंय. मुलाला वाटत होतं, बापाला कळलं तर तो खचेल. खचलेले होते ते मुलगा आणि सून, आबा कामाला लागले होते. दिवाळीपूर्वी ते गेले. पाडेली ठरलेल्या दिवशी आला.

सगळेच आबांसारखे नसतात. काहींना खरोखर जाणून घ्यायचं नसतं, आणि तो त्यांचा हक्क आहे. विचारायची रीत सोपी आहे : "तुझ्या तब्येतीबद्दल डॉक्टर जे सांगतात ते तुला सगळं ऐकायचंय, की मी आणि ताईने ऐकलेलं बरं?" उत्तर येईल तसं वागा. पण न विचारता तिच्या वतीने ठरवू नका. आणि खोटं बोलू नका. एक खोटं उघडं पडलं की पुढे तुम्ही खरं सांगाल त्यावरही तिचा विश्वास बसणार नाही, आणि नेमकं त्याच वेळी तिला विश्वासाचं माणूस लागणार असतं.

लहान मुलांना सांगावं का?

सांगावं, त्यांच्या वयाला झेपेल इतकं. आजीचा आजार मोठा आहे, तो कुणाला लागत नाही, आणि तो तुझ्या वागण्यामुळे झालेला नाही, ह्या तीन गोष्टी नक्की. 'आजी झोपली' असं म्हणू नका, मग मुलं झोपायला घाबरतात.

आशा ठेवायची की तयारी करायची? तयारीचं बोललं की घरात अपशकुन मानतात.

दोन्ही. चवथीला बाबा बसतील अशी आशा ठेवून त्यांच्यासाठी पाठ टेकता येईल अशी खुर्ची आणा, आणि ते नसतील तर पूजेला कोण बसेल हेही एकदा बोलून ठेवा. बोलल्याने काही ओढवत नाही. सुरुवात जड जात असेल तर 'आपण चांगल्याचीच वाट पाहतोय, पण समजा तसं झालं नाही तर तुम्हाला काय आवडेल?' असं विचारा. हे 'समजा' फार कामी येतं.

देवाला कौल लावला आहे. गावठी औषधही चालू आहे. चालेल?

कौल लावा, नवस बोला, महादेवावर अभिषेक करा. ज्याने मनाला आधार मिळतो ते मी कधीच थांबवत नाही. फक्त वेदनेची गोळी बंद करायची का, हा प्रश्न देवापुढे नेऊ नका, तो डॉक्टरांपुढे न्या. झाडपाल्याचं किंवा भस्माचं औषध देत असाल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. काही औषधांनी यकृतावर आणि मूत्रपिंडावर ताण येतो, रक्त पातळ करण्याच्या गोळीशी काहींचं जमत नाही. आणि 'शंभर टक्के बरा करतो' म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नका. अशा माणसांपायी दागिने गहाण पडलेले मी पाहिले आहेत, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

भाऊ बोटीवर आहे, बहीण दुबईला. त्यांना कधी बोलवायचं?

तुम्हाला वाटतंय त्याच्या आधी. बोटीवरच्या माणसाला साइन ऑफ (बोटीवरून उतरायची परवानगी) मिळायला, बंदर यायला, तिकीट व्हायला दिवस जातात. शेवटच्या घटकेला पोचायचं म्हणून थांबलात तर बहुधा ते चुकतंच. वडील बोलू शकतात, ओळखतात, दोन घास एकत्र खाऊ शकतात, तेव्हा येऊन जाणं जास्त मोलाचं. भावाला स्पष्ट सांगा : "आत्ता आलास तर बोलता येईल. शेवटी येता येईल की नाही ते माहीत नाही. एकदाच जमणार असेल तर आत्ता ये."

येणं जमलंच नाही तर रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल लावा, थोडाच वेळ. आणि जो घरी राहून सेवा करतोय त्याला, लांबून फोनवर 'दुसरा डॉक्टर बघ, मुंबईला ने' असं सांगू नका. लांबच्या माणसाची तळमळ खरी असते, पण तिचा भार घरच्यावर पडतो. सगळ्यांनी एकदा डॉक्टरांशी एकत्र कॉलवर बोलून घ्यावं, म्हणजे निरोपांत गफलत होत नाही.

काही खातच नाही. सलाइन लावायची का?

आजार खूप पुढे गेला की शरीर अन्न मागत नाही. खात नाही म्हणून माणूस जातोय असं वाटतं, पण पुष्कळदा शरीर बंद होत चाललंय म्हणून भूक गेलेली असते. मागेल तेव्हा, मागेल तेवढं. उकड्या तांदळाची पेज चार चमचे, सोलकढीचा घोट, मऊ शिरा. निवलेलं बहुतेकांना बरं वाटतं. जबरदस्तीने भरवलेला घास श्वासनळीत जाऊ शकतो. शेवटच्या दिवसांत सलाइनने क्वचितच आराम पडतो, उलट सूज आणि छातीतली घरघर वाढू शकते. तोंड कोरडं पडतं त्याचा त्रास जास्त असतो, म्हणून ओल्या कापसाने ओठ-जीभ वरचेवर पुसा, ओठांना खोबरेल लावा. भरवण्याची सवय असलेल्या आईला, बायकोला हाताला काहीतरी काम हवं असतं, हे काम तिला द्या.

उलटी, तोंडातले फोड, बद्धकोष्ठ यांमुळेही खाणं सुटतं आणि त्यावर उपाय असतो. म्हणून आधी तपासून घ्या, मग सोडून द्या.

शेवटी घरी ठेवावं की हॉस्पिटलात?

रुग्णाला कुठे राहायचंय, घरात रात्री उठणारी किती माणसं आहेत, आणि त्रास घरी आटोक्यात येतो का, ह्या तीन गोष्टींवर ते अवलंबून आहे. घरी ठरवलं म्हणून घरीच झालं पाहिजे असं नाही. घरच्यांनी हात टेकले आणि शेवटचे दोन दिवस रुग्णालयात गेले, तर त्यात कुणाचा गुन्हा नाही. कॅन्सरच्या अंतिम टप्प्यातल्या रुग्णांसाठी लोटलीला शांती अवेदना सदन आहे. तिथे विनामूल्य सांभाळतात. 1986 साली मुंबईत वांद्र्याला सुरू झालेल्या, देशातल्या पहिल्या हॉस्पिसची ती शाखा. गोमेकॉ, म्हापसा आणि मडगावची जिल्हा रुग्णालयं, तुमच्या तालुक्याचं आरोग्य केंद्र इथे पॅलिएटिव्ह सेवेची आणि घरभेटींची चौकशी करा.

घरी ठेवायचं ठरलं तर रात्री घाबरून 108 ला फोन केल्यावर काय होईल ते समजून घ्या. ते जीव वाचवण्यासाठीच येतात, माणसाला उचलून नेतात. ते नको असेल तर त्या वेळी कुणाला फोन करायचा हे वहीत वर लिहा. घरी मृत्यू झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्यावा लागतो. त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा, नाहीतर त्या दिवशी धावाधाव होते. पंचायतीत किंवा पालिकेत नोंद 21 दिवसांच्या आत करायची.

'मला व्हेंटिलेटरवर ठेवू नका' असं आधी लिहून ठेवता येतं का?

येतं, आणि गोव्यात ह्या बाबतीत चांगली सुरुवात झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 च्या निकालात हा हक्क मान्य केला आणि 24 जानेवारी 2023 ला पद्धत सोपी केली. 31 मे 2024 रोजी पर्वरीला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल, म्हणजे असं आधी लिहून ठेवलेलं इच्छापत्र, नोंदवलं. गोव्यातलं असं ते पहिलं.

सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या कुणालाही हे करता येतं. काय हवं, काय नको ते लिहायचं, आपण बोलू शकलो नाही तर कुणी बोलावं त्याचं किंवा त्यांची नावं द्यायची, दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यायचं. एक प्रत घरच्यांना, एक फॅमिली डॉक्टरांना, आणि एक पंचायत किंवा पालिकेकडून नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. ते आपोआप लागू होत नाही. बरं होण्याची आशा नसलेल्या अवस्थेत, रुग्णालयातल्या डॉक्टरांचं एक मंडळ आणि त्यावर दुसरं मंडळ पाहणी करून मत देतं. दोन्हींनी शक्यतो 48 तासांत ठरवावं असं न्यायालयाने म्हटलंय. विचार बदलला तर कागदही बदलता येतो. इंजेक्शन देऊन जीव घेण्याशी याचा काही संबंध नाही, ते आपल्या देशात बेकायदाच आहे.

लोक याची मालमत्तेच्या मृत्युपत्राशी गल्लत करतात. ते वेगळं, त्याला गोव्याचा वारसा कायदा लागतो, आणि वारस असताना सगळी मालमत्ता मनाला येईल तशी देता येत नाही. त्यासाठी वकिलाकडे जा, रुग्णाची सही स्थिर आहे तोवर.

खर्चाचं काय?

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड नूतनीकरण करून ठेवा. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते ठरलेल्या उपचारांना लागू होतं. घरच्या गोळ्या, डायपर, खाट भाड्याने घेणं हे खिशातून जातं. आणखी एक स्कॅन, आणखी एक रक्त तपासणी सांगितली की विचारा : "याचा निकाल काही आला तरी उपचार बदलणार आहे का?" नाही म्हणाले तर ते पैसे राखून ठेवा.

कधी कधी मनात येतं, सुटावी एकदाची. मी इतका वाईट आहे का?

नाही. हा विचार मी सांभाळ करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडून ऐकलाय, बहुधा रडू फुटल्यावर. तिने सुटावं म्हणजे तिच्या यातना संपाव्यात, आणि तुमचा न संपणारा पहारा संपावा. दोन्ही इच्छा माणसाच्याच आहेत. प्रेम आटलंय असा त्याचा अर्थ नाही.

पण हा विचार येऊ लागला म्हणजे तुम्ही फार दमला आहात, ते मनावर घ्या. आठवड्यातून एक दुपार तरी दुसऱ्या कुणाला बसवून बाहेर पडा. नातेवाईक 'काही लागलं तर सांग' म्हणतात, त्यांना नेमकं काम सांगा : "बुधवारी तीन ते सहा बस." मदत नेमकी मागितली की मिळते. वहिनीच सगळं करते आणि बाकीचे भेटायला येऊन चहा पिऊन जातात, असं तुमच्या घरात चाललं असेल तर ते घरच्यांपुढे बोला. झोप उडाली, काहीच नकोसं झालं, जीव द्यावासा वाटू लागला, तर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 वर फोन करा. दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे. रुग्णाच्या मनात असे विचार येत असतील तर त्यालाही हाच नंबर, आणि त्याच्या डॉक्टरांना लगेच कळवा. वेदना किंवा उदासी आटोक्यात आली की पुष्कळदा ते विचार मागे सरतात.

जवळ आलं हे ओळखायचं कसं?

माणूस दिवसाचा बहुतेक वेळ झोपून राहतो, पाण्याचा घोटही गिळत नाही, लघवी कमी आणि गडद होते, हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर डाग दिसतात. श्वास मध्येच थांबतो आणि पुन्हा चालू होतो. घशात घरघर होते, ती आपल्याला ऐकवत नाही, पण रुग्णाला बहुधा त्याचा त्रास होत नसतो. कुशीवर वळवलं की कमी होते. तरी नेमकी वेळ ह्या चिन्हांवरूनही सांगता येत नाही. दोन दिवस सतत बसलेला मुलगा आंघोळीला गेला आणि तेवढ्यात झालं, असं फार वेळा घडतं. ते कुणाचं चुकलेलं नसतं. ऐकण्याची शक्ती शेवटपर्यंत राहत असावी असं मानतात, म्हणून बोलत राहा, आणि त्यांच्या उशाशी वाटण्यांचे वाद नकोत.

नंतर उरलेल्या औषधांचं काय करायचं?

मॉर्फीन घरात ठेवू नका, कुणाला देऊही नका. जिथून आणलं तिथे परत द्या आणि दिल्याची नोंद करून घ्या. बाकीच्या गोळ्या संडासात किंवा विहिरीच्या आसपास टाकू नका, आरोग्य केंद्रात विचारून द्या. भाड्याचा किंवा संस्थेचा कॉन्सन्ट्रेटर, हवेची गादी, व्हीलचेअर दिवस झाल्यावर परत करू म्हणून लोक ठेवून देतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणा शेजाऱ्याकडून पाठवलीत तरी चालेल. वाट पाहणारं घर बहुधा त्याच तालुक्यात असतं.